आईची साइड ए

इंग्रजी संगीताची माझी सगळी जाण आमच्या आईने एका दुपारी पुसून टाकली.

नव्वदच्या दशकात मी सांगलीला कॉलेजात होतो आणि वर्गात अनघा होती. (वर्गात इतरही मुलं-मुली होती, पण त्यांचा इथे संबंध नाही.) तिच्या मामाने परदेशातून तिला एक कॅसेट आणली होती. गाणारी बाई गाणी स्वतःच लिहिते, स्वतःच पियानो वाजवते आणि याच अल्बमने तिचं नाव झालं, एवढी माहिती अनघाने पुरवली.

"तुला आवडेल?"

"पियानो म्हणजे माझा जीव की प्राण," मी म्हणालो. पियानो मी तोवर फक्त सिनेमात पाहिला होता, तोही नायक त्यावर कोपर टेकून रडताना.

जिवापाड जप असं बजावून तिने कॅसेट दिली. कव्हर मी होस्टेलच्या टेबलावर लोकांना दिसेल असं मांडलं आणि नुसती कॅसेट घेऊन शनिवारी कऱ्हाडजवळच्या आमच्या गावी गेलो.

थोरला भाऊ पलटणीत, पार काश्मीरकडे. घरात फोन नव्हता, आईला लिहिता येत नव्हतं; म्हणून घरची खुशाली आम्ही कॅसेटमध्ये भरून दादाला पाठवायचो. गाण्याच्या विकतच्या कॅसेटवर एरवी आवाज भरता येत नाही, पण तिच्या खाचेत कागदाचा बोळा कोंबला की बिनबोभाट भरता येतो. ही युक्ती आमच्या वडिलांना, आबांना, मीच शिकवली होती. हुशार मुलगा!

रविवारी हिंडून घरी आलो तर टेपरेकॉर्डर रिकामा.

"आई, यातली कॅसेट कुठाय?"

"दादाला धाडली की. त्येच्या पलटणीतला मारुती सुट्टी संपवून निघाला हुता, त्येच्याजवळ दिली."

"आगं, त्यात गाणी होती."

"गाणी कसली रं? एक बाई पेटी बडवत रडत हुती. म्हटलं, कुणाच्या तरी मयताचं भरलंय. तसलं पोराला कशाला ऐकवायचं? पुसलं."

"आख्खं?"

"एकच बाजू," आबा म्हणाले. "दुसरीला बोलायचं काय उरलंच न्हाई."

मी कऱ्हाड स्टेशनपर्यंत सायकल हाणली. गाडी निघून गेली होती.

कॅसेट परत धाड म्हणून दादाला पत्र टाकलं आणि अनघाला तोंड चुकवत फिरू लागलो.

"झाली का ऐकून?" तिने एकदा गाठलंच.

"अजून मुरवतोय."

"लोणचं आहे का ते?"

अखेर पार्सल आलं. ऐकून बघायला होस्टेलवर टेप नव्हता. तसाच कँटीनमध्ये गेलो, कॅसेट तिच्या हातात दिली आणि म्हणालो, "एक बाजू जरा खराब झालीय." तिने पिशवीतून वॉकमन काढला! आधी तिच्या कपाळाला आठ्या पडल्या, मग ओठ थरथरले, मग ती हसत सुटली ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हेडफोन काढून तिने माझ्या कानाला लावला. आत आई बोलत होती.

"...बारक्याला सांगलीचं वारं लागलंय. रडक्या बायांची गाणी आणतोय. मला वाटतंय, पोरीचा नाद हाय. पोरगी चांगली असंल तर ह्येला हो म्हणायची न्हाई, आन् म्हणलीच तर ती चांगली न्हवं. तू काळजी करू नगंस. गाय व्याली."

"आवर की, टेप संपंल," मागून आबा.

"मी दुसरी मागवीन मामाकडून," अनघा डोळे पुसत म्हणाली. "पण ही मी कुणाला देणार नाही. आईंना भेटायला कधी येऊ?"

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

दिवाळीच्या सुट्टीत ती आली. पण आली ती आईसाठीच. दोघींच्या गप्पा रंगल्या की आई म्हणायची, "बारक्या, जा, उसाला पाणी सोडून ये." (त्या दिवाळीत आमचा ऊस कुजायचाच बाकी होता.) शेवटी तिला एसटीत बसवताना मी धीर करून विचारलंच.

तिने फार मायेने माझ्याकडे पाहिलं. "आईंनी सांगितलंय ना? चांगली मुलगी तुला हो म्हणणार नाही. आणि मी चांगली आहे रे."

वाईट वाटलं. खरंच खूप वाटलं.

पुढे तिचं लग्न मिरजेच्या एका दातांच्या डॉक्टरशी झालं. आईला पहिल्या रांगेत खुर्ची आणि मानाचं पातळ मिळालं. मी पंगतीत मठ्ठा वाढत होतो. नवरदेवाने दुसऱ्यांदा ग्लास पुढे केला, मला नीट न्याहाळलं आणि आदराने विचारलं, "कॅसेटमधले बारक्या ते तुम्हीच का?"