कांचीपुरमला जाणारी सहा-दहाची बस

माझ्या सासूबाई कांचीपुरमच्या देवीच्या दर्शनाला निघाल्या आणि सकाळी साडेसातला एका मोटार कारखान्याच्या फाटकाशी उतरल्या, याला सर्वस्वी मी जबाबदार आहे. देवीचं काय झालं ते पुढे येईलच. आधी गुन्हा.

गुन्ह्याचं मूळ माझ्या सवयींत आहे. चौदा वर्षं मी चेन्नईत राहतो. घर वेलचेरीला, नोकरी श्रीपेरुंबुदूरला. या चौदा वर्षांत मला दोन सवयी पक्क्या जडल्या. पहिली म्हणजे सकाळी सहा दहाला चौकात कंपनीची बस आली की हात वर करायचा, आत शिरून चौथ्या रांगेतली डावी खिडकी गाठायची आणि बस उड्डाणपुलावर चढायच्या आत झोपायचं. (आमच्या बसमध्ये सगळेच झोपतात. ड्रायव्हर तेवढा जागा असावा असा आमचा अंदाज आहे.) दुसरी सवय म्हणजे खर्चाची गोष्ट निघाली की "पुढच्या वेळी नक्की" असं म्हणायचं.

या दुसऱ्या सवयीने सासूबाईंना दोनदा दगा दिला होता. सोलापूरहून त्या आणि सासरे, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, पहिल्यांदा आले तेव्हा कांचीपुरमला जायचं ठरलं होतं. त्याच आठवड्यात वेलचेरीत गुडघाभर पाणी साचलं. पाणी ओसरलं, पण मी म्हणालो, "आई, पुढच्या वेळी नक्की." दुसऱ्या खेपेला पाऊस नव्हता, तरी मी तेच म्हणालो. खरं कारण टॅक्सीचं भाडं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. (बायकोला माहीत आहे. तिला सांगावं लागत नाही.)

या वर्षी ते तिसऱ्यांदा आले. सासूबाई आता बहात्तरच्या. गुडघे कुरकुरतात. येताना ट्रेनमधूनच त्यांनी मंजिरीला, म्हणजे माझ्या बायकोला, फोनवर सांगितलं होतं, "पुढची वेळ येईल न येईल. यंदा मला देवी बघायचीच आहे." तरीही आजउद्या करता करता मी शेवटचा दिवस उगवू दिला. संध्याकाळी सहाला त्यांची परतीची गाडी होती. देऊळ दुपारी बाराच्या सुमारास बंद होतं आणि चारनंतर उघडतं. म्हणजे बाराच्या आत पोहोचलो तर दर्शन, नाहीतर पुन्हा "पुढच्या वेळी".

"टॅक्सी करा," मंजिरी आदल्या दिवशी म्हणाली. तिला ऑफिसला सुट्टी नव्हती.

"अगं, तांबरमला गेलं की कांचीपुरमची बस मिळते. आणि तांबरमची बस आपल्या चौकातूनच सुटते."

"आईचे गुडघे?"

"बसमध्ये बसायचंच तर असतं."

मंजिरीने माझ्याकडे पाहिलं. "अहो, तुम्ही एक दिवस टॅक्सी केलीत तर आपलं दिवाळं निघणार नाही."

मी शुक्रवारची रजा टाकली. सकाळी सहाला आम्ही तिघं चौकात उभे होतो. सासूबाईंनी ठेवणीतली मोरपंखी रेशमी साडी नेसली होती आणि केसात मोगऱ्याचा गजरा माळला होता. नानांच्या हातातल्या पिशवीत नारळ, उदबत्ती आणि देवीसाठी रात्रीच आणून ओल्या फडक्यात गुंडाळलेला गुलाबाचा मोठा हार होता. नाना पोस्टात होते. आयुष्यभर पत्ते वाचून झाल्यावर आता ते फारसं बोलत नाहीत.

सहा दहाला बस आली. माझा हात वर गेला. आता हा हात मी वर केला असं म्हणणं बरोबर नाही. तो गेला. दार उघडलं, ड्रायव्हर दंडपाणीने नेहमीप्रमाणे "वांगो सार" म्हणत या या केलं. मग त्याने माझ्यामागे चढणाऱ्या रेशमी साडीकडे, नानांच्या पिशवीतून डोकावणाऱ्या हाराकडे पाहिलं आणि तमिळमध्ये काहीतरी लांबलचक विचारलं. माझं तमिळ चौदा वर्षांत अकरा शब्दांवर थांबलेलं आहे. त्यातला मी सर्वांत जास्त वापरतो तो शब्द म्हणजे "आमा", अर्थात हो. तो मी वापरला. दंडपाणीचा चेहरा एकदम हळवा झाला. त्याने सीटवरून उठून नानांना हात देऊन वर घेतलं.

"किती चांगली माणसं," सासूबाई म्हणाल्या. "आणि एसी आहे हो."

उड्डाणपूल मला आठवत नाही.

जाग आली ती दंडपाणी खांदा हलवत होता म्हणून. खिडकीबाहेर आमच्या कारखान्याचं फाटक होतं. पहिले चार सेकंद मला काहीच वावगं वाटलं नाही. डबा घ्यायला हात पायाशी गेला. मग मागच्या सीटवरून सासूबाईंचा आवाज आला, "श्रीकांतराव, देऊळ हेच का? कळस दिसत नाही."

इथे खरं बोलायची संधी होती. पण मी बोललो ते असं: "आई, म्हटलं वाटेत आधी तुम्हाला माझी कंपनी दाखवावी."

"अरे वा," सासूबाई म्हणाल्या.

नानांनी पिशवी उचलली.

आम्ही उतरलो तर फाटकावरचा सुरक्षारक्षक सलाम ठोकून उभा. आमच्याकडे एक पद्धत आहे. कुणी निवृत्त होणार असेल तर शेवटच्या दिवशी त्याच्या घरच्यांना कंपनीच्या बसने सन्मानाने आणतात, फाटकावर त्याला हार घालतात आणि मंडळींना कारखाना दाखवतात. रेशमी साडी, नारळ, हार आणि दोन वडीलधारी माणसं पाहून दंडपाणीने जो प्रश्न विचारला होता, तो आता मला उलगडला. आणि मी त्याला "आमा" म्हणालो होतो. त्याने वाटेतूनच फाटकावर फोन करून ठेवला होता.

मी एकोणपन्नास वर्षांचा आहे. निवृत्ती अजून दूर आहे. पण माझ्याकडे पाहून यातल्या कुणालाही शंका आली नाही, ही बाब मी आजही पचवू शकलेलो नाही.

सुरक्षारक्षकाने नानांच्या पिशवीतून अदबीने हार काढला. मी "नो, नो" म्हणेपर्यंत तो माझ्या गळ्यात पडला. दंडपाणीने टाळ्या वाजवल्या. बसमधून उतरलेल्या अर्धवट झोपेतल्या चाळीस माणसांनीही टाळ्या वाजवल्या, कारण टाळ्या वाजत होत्या.

"अहो, तो देवीचा हार," सासूबाई हळूच म्हणाल्या.

"इथे पाहुण्यांचं असंच स्वागत करतात, आई."

"पण पाहुणे तर आम्ही आहोत."

तेवढ्यात घरच्यांचे पास आले आणि एक उत्साही मुलगी सासूबाई-नानांना सुरक्षेची फिल्म दाखवायला घेऊन गेली. ती फिल्म पस्तीस मिनिटांची आणि तमिळमध्ये आहे. ती पाहिल्याशिवाय कुणालाही आत सोडत नाहीत, आणि एकदा सुरू झाली की बाहेरही सोडत नाहीत.

मी मागे धावणार तोच समोर सुंदरमसाहेब उभे राहिले. हे आमचे मॅनेजर. तीन वर्षं पुण्यात काढल्यामुळे त्यांना मराठी येतं आणि माझ्याशी ते हट्टाने मराठीतच बोलतात. त्यांनी माझ्या गळ्यातल्या हाराकडे बघितलं.

"श्रीकांत. आज तुझा रजा आहे ना?"

"हो सर."

"मग हा काय? तू सोडून चाललाय? मला सांगितला पण नाही?"

"नाही सर, म्हणजे..."

"चल, केबिनमध्ये चल."

महिन्यापूर्वी पगारवाढीवरून मी त्यांना तीन पानी मेल लिहिली होती. तिचं उत्तर आलं नव्हतं. आता मी राजीनामा देऊन, घरच्यांना साक्षीला आणून, स्वतःच हार घालून निघालोय, अशी त्यांची समजूत झाली. त्यांनी दार लावलं, कॉफी मागवली आणि माझे गुण सांगायला सुरुवात केली. चौदा वर्षांत मी ते पहिल्यांदाच ऐकत होतो. सुरुवातीला मी दोनदा तोंड उघडलं, पण ते म्हणाले, "थांब, मला पूर्ण बोलू दे." मी थांबलो.

इथे एक कबुली द्यायला हवी. नंतर त्यांनी मला बोलू दिलं, तरी मी लगेच खरं सांगितलं नाही. मधेमधे लांबलचक फोन घेत आणि दुसरी कॉफी मागवत साहेब तोवर "दोन टक्के वाढवतो" इथपर्यंत आले होते. तीनपर्यंत थांबावं, असं माझ्या मनात आलं. मी कॉफीत बघत गप्प बसलो. ते म्हणाले, "बरं, अडीच."

तेव्हाच केबिनच्या काचेतून मला सासूबाई दिसल्या. डोक्यावर पिवळं हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल, मोरपंखी साडी घोट्याच्या वर खोचलेली, पायांत निळी प्लास्टिकची आवरणं. दोन्ही हातांत नारळ. त्या जमिनीवर आखलेल्या पिवळ्या पट्ट्यांमधून सांभाळून चालत होत्या, आणि दर दहा पावलांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या.

दहा वाजायला आले होते.

मी सगळं सांगितलं. टॅक्सीपासून सांगितलं. सुंदरमसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग विचारलं, "म्हणजे राजीनामा नाही?"

"नाही सर."

"मग अडीच टक्का पण नाही. पळ आता. देऊळ बंद होतो."

पळणार कशात? दुसऱ्या पाळीची बस दुपारी अडीचला. फोनवर टॅक्सी बोलावली तर चालक वीस मिनिटं दूर असल्याचं दिसलं, मग पंचवीस, मग तो दिसेनासाच झाला. मंजिरीचा फोन आला, "पोहोचलात का?" मी म्हणालो, "जवळजवळ." हारातले गुलाब एकेक करून कॉरिडॉरमध्ये पडत होते.

सासूबाई-नाना सापडले कॅन्टीनमध्ये. समोर पोंगल आणि वडे. सासूबाईंच्या शेजारी कॅन्टीनची मुख्य बाई सेल्वी बसली होती आणि दोघी गप्पा मारत होत्या. एक मराठीत, दुसरी तमिळमध्ये, हातवारे दोघींचे सारखे.

"श्रीकांतराव, तुमचं ऑफिसचं काम झालं असेल तर निघायचं का?" सासूबाई म्हणाल्या. "ही सेल्वी कांचीपुरमची आहे. तिची गाडी आता रिकामी भांडी घेऊन तिकडेच चाललीय. देऊळ बंद व्हायच्या आत सोडते म्हणाली."

"तिने हे तुम्हाला कसं सांगितलं?"

"मी हात जोडून दाखवले, तिने घड्याळ दाखवलं. त्यात काय अवघड आहे?"

चौदा वर्षं आणि अकरा शब्द! मी मुकाट्याने गाडीत चढलो. सासूबाई आणि नाना पुढे ड्रायव्हरशेजारी, मी मागे सांबाराच्या पातेल्यांमध्ये. मधली काच उघडी होती. खड्डा आला की झाकणं वाजत आणि मला वाटे, कबुलीची वेळ झाली.

"आई," मी काचेतून म्हणालो, "कंपनी दाखवायची असं काही ठरलं नव्हतं. मी झोपेत चुकीच्या बसमध्ये चढलो."

"माहीत आहे," नाना म्हणाले. सकाळपासून ते पहिल्यांदाच बोलत होते. "बसच्या कपाळावर कंपनीचं नाव होतं. मी चढतानाच वाचलं."

"मग सांगितलं का नाही?"

नाना म्हणाले, "जावई झाल्यापासून बावीस वर्षांत तुम्ही पहिल्यांदाच आम्हाला कुठेतरी नेत होतात. म्हटलं, टोकलं तर परत घरी न्याल."

पातेलं रिकामं होतं. त्यात तोंड घालून बसावंसं वाटलं.

बाराला पाच मिनिटं असताना सेल्वीच्या ड्रायव्हरने आम्हाला देवळाच्या दाराशी सोडलं. सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात, असं मी वर लिहिलं आहे. ते मागे घेतो. त्यांनी नानांना आणि मला मागे टाकलं, रांगेतल्या लोकांना "जरा सरका हो" असं स्वच्छ मराठीत सांगितलं आणि लोक सरकले. आत पुजारी लोकांना पुढे पुढे सरकवत होते. हार नव्हता, नारळ होता. अर्धं मिनिट मिळालं असेल. सासूबाईंनी डोळे मिटले, ओठ हलले आणि दारं लागली. बाहेर येऊन त्या ओट्यावर बसल्या तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. माझ्या गळ्यात हाराचा नुसता दोरा उरला होता.

परत येताना टॅक्सी केली. माझ्या तोंडून "पुढच्या वेळी" निघायच्या आत मी स्वतःच बोलावली आणि अख्खा रस्ता डोळे ताणून पुढे बसलो. स्टेशनवर मंजिरी आली होती. "कसं झालं गं आई?"

"फार छान. आधी यांनी त्यांचं देऊळ दाखवलं, मग देवीचं."

गाडी सुटायच्या आधी मी खिडकीशी जाऊन विचारलं, "आई, एवढ्याशा वेळात देवीकडे काय मागितलंत?"

"गुडघ्यांचं मागायचं ठरवून आले होते," त्या म्हणाल्या. "पण तुमचंच मागितलं. म्हटलं, यांना बसमध्ये चढण्याआधी पाटी वाचायची बुद्धी दे."

देवी जागृत आहे, यात शंका नाही. सोमवारी सहा दहाला मी चौकात डोळे उघडे ठेवून उभा होतो. लांबूनच पाटी वाचली. कंपनीचं नाव बरोबर. पुन्हा वाचली. मग जाणीवपूर्वक, पूर्ण शुद्धीत हात वर केला. दंडपाणीने मला पाहिलं. वेग कमी केला, एक हात स्टिअरिंगवरून काढून छातीशी नेला, निवृत्त माणसाला करतात तसा आदराने नमस्कार केला आणि बस पुढे नेली.

मी टॅक्सीने कामावर गेलो.