मागच्या चाकाची हवा

१९८१ सालातला एक रविवार. रक्कम दहा पैसे. जागा द्वारका चौकाजवळचं सायकल दुरुस्तीचं दुकान. हजर तिघे: दुकानदार, मी, आणि मागच्या चाकात हवा भरून घेणारे आमचे टाइमकीपर. दुकानदाराने दहा पैसे घेतले. कोणी काही बोललं नाही. असं दर रविवारी, पाच वर्षं चाललं होतं. त्याने माझ्याकडे मात्र एकदा नीट पाहिलं. पगार कापणाऱ्याला कामगार विसरत नाही.

टाइमकीपर सातपूरच्या आमच्या कारखान्यात गेटवर बसत. त्यांच्या रजिस्टरवरून पगार कापायचं काम माझं. राहायलाही आम्ही शेजारी. ते ख्रिस्ती. चर्च कधी चुकवलं नाही; पण पाप कबूल करायची प्रार्थना सुरू झाली की ओठ मिटून उभे राहत.

"आम्ही सगळे पापी, हे ठोकात झालं," ते म्हणत. "मला किरकोळीत विचारा. कुठलं, कधी, कोणाचं."

हे त्यांचं नेहमीचं. कॅन्टीनमध्ये कोणी म्हणालं, जग बिघडलंय, की यांचा प्रश्न तयार, "कुठल्या गल्लीतलं?" माणसं वैतागून ताट घेऊन दुसऱ्या टेबलावर जात.

त्यांचं किरकोळीतलं एकच होतं. १९७६ साली गेटवरचं घड्याळ सात मिनिटं पुढे गेलं. एक बदली कामगार तीन दिवस धावत आला आणि तिन्ही दिवस त्याला उशिराचा लाल शेरा मिळाला. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "सायेब, तुमचं घड्याळ पुढं हाय."

"घड्याळाचं तुझ्याशी काय वैर आहे?" हे म्हणाले.

तीन शेऱ्यांवर बदली कामगाराचं नाव कटत असे. कटलं. मी त्याचा हिशेब करून सही केली. दहा दिवसांनी घड्याळजी आला, तेव्हा चूक कळली. कायम कामगारांचे शेरे खोडले गेले. याला परत घ्यायला मात्र मॅनेजर तयार नव्हते. टाइमकीपर तीनदा जाऊन आले. शेवटी त्या माणसाने द्वारकेला दुकान टाकलं.

"माझ्या मनगटावर घड्याळ होतं," ते मला म्हणाले. "फक्त नजर खाली करायची होती. केली नाही."

एकदा चर्चचे पाळकसाहेब त्यांच्या घरी आले. मी चहाला होतोच.

"अहो, क्षमा झालेली आहे," पाळकसाहेब म्हणाले. "कृपा फुकट असते. तुम्ही घेत नाही, एवढंच."

"नोकरी त्याची गेली. मग त्याला न विचारता देवाने परस्पर क्षमा कशी केली?"

"मग तुम्हाला हवंय तरी काय?"

"त्यानं माफ म्हणावं. नाहीतर म्हणू नये. पण त्यानं."

पाळकसाहेबांनी बशीतला चहा संपवला. मी देव मानत नाही. तरी त्या दिवशी मला दोघांचंही ऐकून थकवा आला. त्या हिशेबावर सही माझी होती. तिच्याबद्दल कोणी विचारलं नाही, मीही बोललो नाही.

मागच्या चाकाचा व्हॉल्व्ह चर्चमधून निघताना ते स्वतःच सैल करत, हे मला त्यांच्या पत्नीकडून, वहिनींकडून, कळलं.

१९८६मध्ये एका रविवारी ते गोंधळून माझ्या दारात आले.

"राहू द्या म्हणाला."

"काय राहू द्या?"

"पैसे. दहा वर्षांतला पहिला शब्द."

"मग झालं की तुमचं!"

"फुकट कशी घेऊ? मी दहा पैसे त्याच्या हत्यारांच्या डब्याच्या झाकणावर ठेवून आलो." ते पायरीवर बसले. "घ्यायला हवी होती का हो?"

"मला काय विचारता? मी अकाउंटवाला."

याहून बरं काही सुचायला हवं होतं. गुरुवारी ते हृदयविकाराने गेले.

दोन महिन्यांनी वहिनींनी सायकल मला दिली. दोन्ही चाकं बसली होती. मी ती हाताने ढकलत द्वारकेला नेली.

"ते नाही आले?" दुकानदाराने विचारलं.

मी सांगितलं. त्याने सायकल स्टँडला लावली. आधी मागच्या चाकात हवा भरली, मग पुढच्या. गरजेपेक्षा जास्त वेळ पंप मारत राहिला. मी वीस पैसे पुढे केले.

"मागच्याचे त्यांचे आलेत," तो म्हणाला. डब्याच्या झाकणावर ग्रीसने काळं झालेलं दहा पैशांचं नाणं तसंच होतं. "पुढच्याचे तुमचे द्या."

मी दहा पैसे दिले. त्याने ते खिशात टाकले. झाकणावरच्या नाण्याला हात लावला नाही.