हक्कसोडीची साडी

आता मी कुठेही सही करायच्या आधी चष्मा काढते, पदराने पुसते, पुन्हा चढवते आणि कागद पहिल्या ओळीपासून वाचते. बँकेतली पोरं वैतागतात. वैतागू देत. मागे रांग असली की मी आणखी सावकाश वाचते. नातवंडं म्हणतात, आजी मुद्दाम करते. अर्थात मुद्दाम करते.

तरुणपणी मला चष्मा नव्हता, आणि तरीही काही दिसत नव्हतं.

त्या तरुण बाईची ओळख करून देते. वय तिशीच्या आसपास. नवरा अंबरनाथच्या एका कारखान्यात, शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्याला दोन खोल्या, एक मुलगी, एक मुलगा, आणि डोक्यात भरपूर हवा. माहेर बदलापूरजवळ, खरवईचं. आमच्या भावकीत मॅट्रिक झालेली ती पहिली मुलगी, आणि हे ती कोणाला विसरू द्यायची नाही. तिची सही तर बघण्यासारखी होती. शेवटच्या अक्षराची शेपटी मागे वळवून अख्ख्या नावाखालून रेघ ओढायची, आणि रेघेखाली दोन टिंबं. ती टिंबं कशाला, हे तिलाही माहीत नव्हतं. साहेबाची सही असल्यासारखं वाटायचं, बस्स.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आमचे वडील गेले. आई आधीच गेली होती. मागे राहिलो आम्ही तिघं: थोरली अक्का, मधला दादा आणि धाकटी मी. आणि भाताचं शेत, त्यातली एक विहीर, बांधावरची चिंच. महिन्याभराने दादाचा निरोप आला, तलाठ्याकडं कागद द्यायचाय, दोघी बहिणी या, सह्या लागतील.

कसल्या सह्या हे आम्हाला विचारावं लागलं नाही. आमच्याकडे रीतच ती. बाप गेला की बहिणींनी हक्कसोड करायची, भावाने साडीचोळी करायची, आणि माहेरचं दार उघडं राहायचं. जी सोडणार नाही ती भावाच्या पोटावर पाय देणारी. असल्या बायकांच्या गोष्टी आम्ही जात्यावर बसून ऐकल्या होत्या, आणि त्यांतली एकही सुखाने मेली नव्हती.

दादाच्या घरी लेखनिक कागद तयार करून बसला होता. अक्काला मूलबाळ नव्हतं, नवरा सदा आजारी. ती मला आत चुलीपाशी घेऊन गेली.

"ऐक ना. विहिरीजवळचा तेवढा तुकडा आपल्या दोघींच्या नावावर ऱ्हाऊ दे, असं म्हणू का गं दादाला?"

"अक्का! सख्ख्या भावावर विश्वास नाही तुझा?"

"विश्वासाचं नाय गं. उद्याचं म्हणते मी."

"लोक काय म्हणतील? चल बाहेर."

बाहेर मी आधी सही ठोकली. रेघ, दोन टिंबं, सगळं साग्रसंगीत. लेखनिक म्हणाला, "वा ताई, अक्षर छान आहे." मी फुगले. कागदावर काय लिहिलंय त्याची एक ओळ वाचली नाही, पण अक्षराची तारीफ मात्र ऐकून घेतली. अक्काला लिहिता येत नव्हतं. तिने अंगठा पदरात लपवला होता. तो मी बाहेर काढला, शाईच्या पॅडवर दाबला आणि कागदावर टेकवला. दादाने नाही. मी. मॅट्रिक पास.

मग चहा झाला आणि दादाने आम्हाला एकसारख्या साड्या दिल्या. मोरपंखी रंग, काठाला चमचमती नक्षी.

तेव्हा मी उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या एका साडीच्या दुकानाचं काम घरी आणायचे, साड्यांना फॉल लावायचं. दुकान फाळणीत सिंधमधून आलेल्या एका विधवा बाईचं होतं. सगळे तिला दादी म्हणायचे. पुढच्या फेरीला मी मिरवायला म्हणून ती मोरपंखी साडी नेसूनच गेले. दादीने पदर चिमटीत धरला.

"ये तो अपने दुकान का माल है. किसने दिया?"

"भाई ने."

"किस खुशी में?"

मी छाती पुढे काढून सगळं सांगितलं. शेत, विहीर, सही. टिंबांसकट. दादीने गल्ल्यावरचं पान तोंडात टाकलं.

"हमसे तो उधर घर-दुकान सब छुड़वाया. जान पे आई, तब छोड़ा. और तू? तू चाय पीके छोड़ आई?"

मला एवढा राग आला की पंधरा दिवस मी त्या दुकानाची पायरी चढले नाही. हिला आमच्या रीती काय कळणार, असं मी नवऱ्याला सांगितलं. तोही हो म्हणाला. तो बहुतेक सगळ्याला हो म्हणायचा, हा त्याचा मोठा गुण.

या बाईचा शहाणपणा इथेच थांबला असता तर मी तिला माफ केलं असतं. पण त्याच वर्षी आमची इमारत सोसायटी झाली आणि नवरा फॉर्म भरायला बसला. "नॉमिनी कोण लिहू?" त्याने विचारलं. मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, "पोराचं लिहा. दुसरं कोणाचं लिहिणार?" पोरगा सात वर्षांचा होता आणि त्या क्षणी स्वतःच्या चड्डीची नाडी सोडवण्यात गुंतला होता. दहा वर्षांची मुलगी बापाच्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "माझं नाव कुठेय?"

"तुझं नाव तुझ्या नवऱ्याच्या घरी लागेल," मी म्हणाले. आणि स्वतःचं नाव? ते कुठे लिहायचं असतं, हे मला सुचलंसुद्धा नाही.

अक्काचा नवरा गेला. तिला सासरी कोणी ठेवून घेतलं नाही, ती दादाकडे परत आली. माहेरचं दार उघडं होतं, खरंच होतं, पण ती दारातच राहिली. ओटीवर तिचं अंथरूण, ओटीवरच ताट. दादा दुष्ट नव्हता. त्याने तिला कधी उपाशी ठेवलं नाही. पण ती पाणी मागतानासुद्धा परक्या घरात मागावं तसं मागायची.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला दादाने शेत बिल्डरला दिलं. थोड्याच दिवसांनी माझा नवरा गेला. झोपेतच, कोणाला त्रास न देता, नेहमीसारखा. मुलीचं लग्न झालं होतं. मुलगा नोकरीला लागला होता, त्याचं लग्न ठरत होतं. एका रविवारी तो म्हणाला, "आई, चल, तुला काहीतरी दाखवतो. टेन्शन नको घेऊस." आणि मला खरवईला घेऊन गेला.

आमच्या शेतात चार मजल्यांचा सांगाडा उभा होता. विहिरीवर स्लॅब टाकून त्यावर ऑफिस केलं होतं. मी ओळखलं ते चिंचेवरून. ती अजून उभी होती, बुंध्याला बिल्डरचा बोर्ड ठोकलेला.

"अंबरनाथचं घर विकून इथे मोठा फ्लॅट येतो," मुलगा सांगत होता. "लग्नानंतर आपल्याला दोन खोल्या कशा पुरणार? नॉमिनी मीच आहे, म्हणजे घर तसं माझंच झालंय. फक्त फॉर्मॅलिटी म्हणून तुझी आणि ताईची हक्कसोड लागेल."

ऑफिसमधला विक्रीवाला मोठा उत्साही. "मावशी, टायटल एकदम क्लिअर! सगळ्या वारसांच्या सह्या आहेत. बघा." त्याने फाईल उघडून माझ्यासमोर धरली.

झेरॉक्सवर अंगठा म्हणजे नुसता काळा डाग दिसत होता. त्याच्या वर माझी सही. शेपटी, रेघ, दोन टिंबं.

"ही सही माझी आहे," मी म्हटलं.

"अरे वा!" तो म्हणाला. "मग तर घरचंच काम झालं!"

मी त्या फाईलमधलं सगळं वाचलं. पहिल्यांदा. तेरा-चौदा वर्षांनी. "स्वखुशीने व राजीखुशीने", असं त्यात लिहिलं होतं, माझ्या वतीने आणि अक्काच्याही. मुलगा दोनदा घड्याळ बघून झाला. मी वाचतच होते. विहिरीवर बसून.

दुसऱ्या दिवशी मी थेट कॅम्प एकला दादीकडे गेले. ती आता खूप म्हातारी झाली होती, गल्ल्यावर नातू बसायचा, पण जीभ तशीच होती. "आ गई? फिर कोई साड़ी दे रहा है क्या?" म्हणाली. सगळं ऐकून तिने मला तिच्या वकिलाकडे नेलं. वकील म्हणाला, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, राखणदार. घराचे मालक तिघं, तुम्ही, मुलगी आणि मुलगा, सारखेच. तुमच्या सहीशिवाय घर विकता येत नाही. एवढं ऐकायला मला पंचेचाळिशी गाठावी लागली.

पुढच्या रविवारी मुलाने कागद आणला. मुलगी सासरहून आली ती पेनाचं टोपण काढूनच.

"कुठे करू सही? मला काही नको गं आई. उगाच माहेर तुटायला नको."

मी तिच्या हातातून पेन काढून घेतलं. "एका सहीवाचून तुटणारं माहेर असेल तर तुटू दे. तुझ्या मावशीचं जोडलेलंच आहे ना? जाऊन बघ, ओटीवर बसलीय."

मुलगा हिरमुसला. "आई, माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

वाक्य ओळखीचं होतं. मीच घडवलेलं.

"विश्वास आहे. पण हे घर तुझ्या नावावर झालं की मी कोणाच्या घरात राहणार? तुझ्या. आणि मला कोणाच्याच घरात राहायचं नाही. हक्कसोड करायचीच ना? करू. तुम्ही दोघं करा. माझ्या नावे."

"असं कुठे असतं?"

"आजपासून असतं."

"आणि लग्न झाल्यावर मी कुठे जाऊ?"

"इथेच राहा. नाही पटलं तर भाड्याने घ्या. आम्ही काढलीच की आठ वर्षं."

तीन आठवडे तो माझ्याशी बोलला नाही. ताटात वाढलेलं मात्र सगळं जेवायचा. मग दादा समजवायला आला. म्हणाला, "बाय, पोराच्या संसारात आडवी येऊ नको. जगात बाईमाणसाने..." मी म्हटलं, "दादा, चहा घे. पण मी सांगून ठेवते, आता चहावर काही सुटत नाही." तो चहा अर्धा टाकून उठला. त्यानंतर मुलगी म्हणाली की आई सांगेल त्याच कागदावर मी सही करीन. तिची सही मिळणार नाही हे कळल्यावर मुलाने हात टेकले.

निबंधकाच्या ऑफिसात दोघांना मी कागद मोठ्याने वाचायला लावला. अख्खा. तिथला कारकून म्हणाला, "आजी, वेळ जातोय." आजी! तेव्हा मला नातवंडही नव्हतं. मी मुलीला सांगितलं, ती ओळ पुन्हा वाच.

घरी आल्यावर मी दोन पुडकी काढली. एक मुलीला, एक मुलाला. दोन्हींत मोरपंखी साड्या, दादीच्या दुकानातल्या.

"मी काय करू साडीचं?" मुलगा ओरडला.

"हक्क सोडला की साडी मिळते. रीत आहे. रीत मोडलेली मला चालत नाही."

मुलगी हसत सुटली. मुलगा लाल झाला, मग त्यालाही हसू फुटलं. लग्नात त्याने ती बायकोला दिली, आणि कुठून आली हेही तिला सांगितलं. म्हणून सून मला पहिल्या दिवसापासून जपून असते.

मृत्युपत्र मी लगेच केलं. माझ्यामागे घर दोघांना निम्मं-निम्मं, आणि अक्का असेपर्यंत तिला तिथून कोणी ऊठ म्हणायचं नाही. साक्षीदार म्हणून दादीने सिंधीत सही केली, उजवीकडून डावीकडे. माझ्या सहीकडे बघून तिने विचारलं, "ये दो बिंदी किसलिए?" मी सांगितलं, सवय आहे. तेव्हापासून ती टिंबं मी सोडली.

मग मी खरवईला गेले आणि अक्काचं गाठोडं उचललं. माझ्या मजल्यावर पोहोचल्यावर अक्का दारासमोर उभी राहिली, घाबरलेली, हात पदरात.

"इथं राहायचं म्हंजे अंगठा कुठं लावायचा?"

मी तिचा हात पदरातून बाहेर काढला, त्याच अंगठ्याला धरून, आणि घराच्या बेलवर ठेवला.

"इथे," मी म्हटलं. "दाब जोरात."