जिजाजींचा चिमटा

आमच्या जिजाजींसारखा गिटारवादक आमच्या मुलखात दुसरा झाला नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो; कारण त्या काळात पांढुर्णा ते सौंसर या पट्ट्यात दुसरा गिटारवादकच नव्हता. ढोलकीवाले गल्लोगल्ली होते, पेटीवाले होते, लग्नात बँड वाजवणारे तर विचारूच नका. पण गिटार म्हटली की जिजाजी. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सौंसरचा एक ऑर्केस्ट्रा मोडला, तेव्हा त्यांनी ती त्याच्या गिटारवाल्याकडून घेतली आणि बसच्या टपावर, संत्र्यांच्या पेट्यांच्या मधोमध बसवून घरी आणली. तो गिटारवाला त्याच दुपारी नागपूरला निघाला होता. सौंसरच्या बस स्टँडवर, चहाच्या टपरीपुढच्या बाकड्यावर त्याने जिजाजींना तीन कॉर्ड, म्हणजे तारांवर बोटं धरायच्या तीन चाली, शिकवल्या. चौथी शिकवायला घेतली आणि त्याची बस लागली. जिजाजींनी पुढची सगळी वर्षं त्या तीन कॉर्डवर काढली, आणि चौथीची आठवण कुणी काढली की म्हणायचे, "ते नागपूरले गेली."

तीन कॉर्ड आणि जगभरची गाणी यांच्यामधला खड्डा त्यांनी चिमट्याने बुजवला. चिमटा म्हणजे कॅपो. गिटारच्या मानेवर आडवा बसवला की सगळ्या तारा एकदम दाबून धरतो, आणि बोटांची चाल तीच ठेवून गाणं मानेवरच्या हव्या त्या पडद्यावर, म्हणजे हव्या तेवढ्या उंच पट्टीत, चढवता येतं. तयार कॅपो नागपूरला मिळतो असं तो गिटारवाला सांगून गेला होता, पण नागपूरला जाईपर्यंत थांबायचं कुणी? जिजाजींनी जुन्या टूथब्रशची दांडी घेतली, सायकलच्या ट्यूबची पट्टी कापली, आणि दांडी तारांवर आडवी ठेवून ट्यूबने करकचून बांधली. "बोटं तेच, आवाज वर," ते मला म्हणाले, "याच्याहून जास्त विज्ञान माणसाले लागत नाही, साळेबुवा." हा चिमटा ते शर्टाच्या खिशात, पेनाच्या शेजारी लावत. ताई, म्हणजे माझी मोठी बहीण, तिला तो कुठे पडलेला दिसला की ती त्याच्या रबराने त्यांच्या डब्याचं झाकण बांधून द्यायची, आणि मग ऑफिसात जिजाजी एकदम खूश व्हायचे, कारण जेवणाआधीच त्यांचा हरवलेला चिमटा सापडायचा.

नोकरी नगरपालिकेच्या पाणी खात्यात. कोणत्या मोहल्ल्याला केव्हा पाणी सोडायचं ते त्यांच्या हातात, आणि हातात बहुधा गिटार. व्हॉल्व्हच्या खड्ड्याशेजारी ते तिला घेऊन बसत. बायका रिकाम्या गुंड-घागरींची रांग लावून ओरडत, "अजी बाबूजी, पाणी सोडा न! पोरायच्या शाळा हायेत!" जिजाजी डोळे मिटून म्हणत, "पुन्हा ओरड बरं माय. तुह्या आवाजाचा पडदा सापडून राहिला." आणि खरंच ते चिमटा एकेक पडदा सरकवत त्या बाईच्या ओरडण्यावर कॉर्ड बरोबर बसवत. मग एवढ्या प्रेमाने व्हॉल्व्ह उघडत की ती बाई शिव्या विसरून घरी जाई. हळूहळू त्यांना साऱ्या गावाचे पडदे पाठ झाले. भाजीवाला दुसऱ्या पडद्यावर, बुद्धविहारातली वंदना चौथ्यावर, माझ्या वडिलांची शिंक थेट सातव्यावर. वडील त्या शिंकेमुळे जावयासमोर नाक दाबून बसू लागले.

माझ्यासाठी मुलगी पाहायला आम्ही रामाकोन्याला गेलो, तेव्हा जिजाजी गिटार घेऊन आले. मुलीकडच्यांना वाटलं, हाच नवरदेव. पोहे झाले, चहा झाला, घरच्यांनी शिक्षणाचं, शिवणकामाचं विचारलं. मग जिजाजींनी गळ्यात पट्टा अडकवला आणि म्हणाले, "बाई, एक ओळ म्हणून दाखवा. कोणतीही." मुलीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि असा खणखणीत आवाज लावला की ओसरीवरची कोंबडी उडाली. जिजाजी चिमटा घेऊन तिच्या मागे धावले आणि पाचव्या पडद्यावर तिला गाठलंच. बाहेर येऊन त्यांनी माझा हात धरला. "साळेबुवा, पाचव्या पडद्याची बाई हाय. भांडण झालं तर पूर्ण मोहल्ल्याले आयकू जाईन. पण पोटात काही ठेवणार नाही. हो म्हणून टाक." मी हो म्हणून टाकलं. दोन्ही गोष्टी त्यांनी सांगितल्या तशाच निघाल्या.

हे सगळं वेड कशासाठी, ते मला पुष्कळ उशिरा कळलं. ताई लग्नाआधी सावरगावात गायची आणि लग्नानंतर पांढुर्ण्याच्या गाण्याच्या मंडळात. मग तिला लांबलेला ताप आला. ताप उतरला तसा आवाजही उतरला. चांगला भरदार, पण खाली. मंडळाचे पेटीमास्तर मोठे शिस्तीचे. त्यांची पेटी एकाच पट्टीत वाजायची आणि सगळ्यांनी तिथे यायचं. "बाई, सुरात या," ते म्हणाले. ताईने दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा गेलीच नाही. पुढे घरात भाकरी थापतानाचं गुणगुणणंही थांबलं. जिजाजी सौंसरला जाऊन गिटार घेऊन आले ते त्यानंतर. रोज सकाळी ड्युटीला जायच्या आधी ते चुलीशेजारी पाट घेऊन बसत आणि एकेक पडद्यावर चिमटा बांधून विचारत, "इथं येते का? बरं, इथं?"

"अजी, भाकर जळून राहिली, आन् तुमचं काय चालू हाय!" ताई म्हणायची.

"जळू दे. इथं म्हणून पाय बरं."

एका सकाळी तिसऱ्या पडद्यावर ताईने नुसतं 'हं' केलं. जिजाजी त्या दिवशी पाणी सोडायला गेलेच नाहीत. सगळा मोहल्ला घरी आला, तेव्हा हे नवरा-बायको गात बसले होते.

त्याच वर्षी एप्रिलात सौंसरला जयंतीचा कार्यक्रम होता. ताई गाणार, असं जिजाजी मंडळाला परस्पर सांगून आले. ताई सौंसरपर्यंत बसमध्ये त्यांच्याकडे पाठ फिरवून बसली. मांडव गच्च भरलेला, भर दुपार, वरून ऊन. पेटीमास्तर पेटी बंद करून, हाताची घडी घालून बाजूला बसले होते. जिजाजींनी पहिली कॉर्ड छेडली, ताईने पहिली ओळ उचलली, आणि उन्हाने कडक झालेली ट्यूबची पट्टी फट्कन तुटली. दांडी उडाली ती पेटीमास्तरांच्या मांडीवर. मांडव हसला. ताईचा चेहरा उतरला. ती पदर सावरून उठू लागली.

"बस तू," जिजाजी तिला म्हणाले, आणि माझ्याकडे वळून ओरडले, "साळेबुवा, वर ये!"

मी स्टेजवर चढलो. त्यांनी पेटीमास्तरांच्या मांडीवरून दांडी उचलली आणि माझ्या हातात दिली. "धर. तिसऱ्या पडद्यामागं. दोन्ही हातानं दाब. हलू नको, भूकंप झाला तरी हलू नको." त्यानंतरचं पूर्ण गाणं मी जिजाजींच्या कुशीत बसावं तसा बसून, अंगठे खाली आणि बोटं दांडीवर आवळून, माणसाचा चिमटा होऊन काढलं. नाकावर घाम, घामावर माशी. त्यांची बोटं माझ्या बोटांवर आपटत होती. खालून एक जण ओरडला, "अबे, एक गिटार दोघं वाजवून राहिले!" मला हसू फुटत होतं आणि हसलो तर सूर हलणार, म्हणून मी जिजाजींच्या तोंडाकडे पाहिलं. ते गिटारकडे पाहत नव्हते, मांडवाकडेही नाही. ताईकडे पाहत होते, आणि तिच्या प्रत्येक शब्दाबरोबर त्यांचे ओठ हलत होते. मांडवातलं हसणं केव्हाच थांबलं होतं. शेवटच्या कडव्याला बाजूने एक बारीक सूर आला. पेटीमास्तरांनी पेटी उघडली होती आणि ते आपली पट्टी सोडून, चाचपत, ताईच्या स्वरावर येऊन थांबले होते.

परतीच्या बसमध्ये टाळ्या अजून माझ्या कानात होत्या. ताई खिडकीजवळून मागे वळून मला म्हणाली, "मधात तुनं हात ढिला सोडला होता." मग ती इतकी हसली की कंडक्टरही हसायला लागला.

पुढे जिजाजी नागपूरहून खरा, स्टीलचा कॅपो घेऊन आले आणि माझी नोकरी गेली. ताई मंडळात गात राहिली. वयाबरोबर तिचा आवाज आणखी उतरला. चिमटा तिसऱ्या पडद्यावरून दुसऱ्यावर आला, दुसऱ्यावरून पहिल्यावर, आणि मग काही वर्षं तो लागलाच नाही. परवा सकाळी मी त्यांच्याकडे गेलो, तर जिजाजी चष्मा लावून गिटारच्या खुंट्या उलट्या फिरवत होते.

"काय करून राहिले, जिजाजी?"

"मोकळ्या तारांच्या खाली गेली तुही ताई आता," ते हळू आवाजात म्हणाले. "चिमटा वर नेते. खाली नाही नेत."

"मग?"

"मग तारा सैल करून राहिलो."

आतून ताईचं गुणगुणणं येत होतं, श्वासापेक्षा थोडंसंच मोठं. जिजाजींनी कान दिला, खुंटी आणखी जराशी सोडली आणि पहिली कॉर्ड धरली. सैल तारा खरखरल्या. "इथं येते का?" त्यांनी दाराकडे तोंड करून विचारलं, आणि उत्तर येईपर्यंत हात तसाच धरून ठेवला.