काडीपेट्यांचं डोकं

आवरासावर करायच्या हौसेपायी मी एकदा अख्खं डोकं पुसून टाकलं. माझं नव्हे, काडीपेट्यांचं. माझ्यात पुसण्यासारखं नव्हतंच काही! दारव्ह्याच्या बाजारात, मिरच्यांच्या ठसक्यात, आमच्या गुरुजींनी खेळ मांडला होता. दहा चिंचोके, आळीपाळीनं एक किंवा दोन उचलायचे, शेवटचा उचलेल तो हरला. माणसासमोर भिडू म्हणून आकडे टाकलेल्या काडीपेट्या, प्रत्येकीत लाल-पांढऱ्या गुंजा! जितके चिंचोके उरले त्या आकड्याची पेटी उघडायची, न बघता गुंज काढायची. लाल निघाली तर पेटीचा एक चिंचोका, पांढरी निघाली तर दोन. पेट्या हरल्या की त्यांची शेवटची निघालेली गुंज बाहेर, म्हणजे तीच चूक पुन्हा नको. दुपारपर्यंत पेट्या माझ्या आजीलाही हरवू लागल्या. "करणी हाय हे! उद्यापासून तुही शाळा बंद," आजी कडाडली. मी घाबरून पसारा आवरला, बाहेरच्या गुंजा पेट्यांत परत भरल्या, आणि पेट्या धडाधड हरू लागल्या. मी रडतरडत कबुली दिली, तर गुरुजी टाळी वाजवून म्हणाले, "पाहा आजी, भूत असतं तर असं विसरलं असतं काय? शिकवलं तेवढंच येते याहिले!" मग आजीच्या डोळ्यांदेखत मीच पेट्यांना हरवून हरवून पुन्हा शिकवलं, आणि दिवेलागणीला त्यांनी खुद्द गुरुजींना हरवलं. हल्ली नातीच्या मोबाइलमधलं यंत्र शहाणपणा पाजळू लागलं की आजीचे तेव्हाचे शब्द कानात वाजतात: "भूत नाही वं पोरी, तुह्यासारखंच हाय ते, हरल्याबिगर शिकत नाही. जाय उद्या शाळेत."