त्याच गोळ्या, दोन मुली

रक्ताच्या कर्करोगाच्या वॉर्डात माझी भाची गौरी आणि शेजारच्या खाटेवरची मुलगी, दोघींना त्याच गोळ्या होत्या. ती मुलगी भात खात होती. गौरीचं तोंड मात्र फोडांनी भरलं होतं.

"हिनंच पथ्य मोडलं असणार," ताईकडे बघत तिच्या सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टर म्हणाले, "पथ्याचा संबंध नाही, आजी. काही मुलांच्या शरीरात हे औषध साचत जातं. तो गुण आईवडील, दोघांकडून येतो. आपण डोस कमी करू."

"म्हणजे हिच्या माहेरचंच!"

शिक्षणानं माणूस न्यायानं वागतो, असं घरातला पहिला पदवीधर म्हणून मी मानत आलो. सासूबाई शाळेत गेलेल्या नाहीत. पण दाजी विज्ञान शिकवतात. ताई मान खाली घालून गौरीला गार दूध पाजत होती आणि दाजी खिडकीबाहेर बघत होते.

"आई, निम्मं माझंही आहे," एवढंसुद्धा त्यांना म्हणता येऊ नये?