बाबांनी दाबलेलं बटन

मिल बंद झाली तेव्हा बाबा बावन्न वर्षांचे होते. स्पिनिंग खात्यात ते जॉबर होते, म्हणजे मशिनी चालत्या ठेवणं हे त्यांचं काम. फाटकाला कुलूप लागल्यावर वर्षभर ते छत्रीबागेतल्या आमच्या घरात नुसते बसून होते. मग मिलच्या मशिनी भंगारात जाऊ लागल्याचं कानावर आलं. त्या कशा चालायच्या ते लिहून ठेवतो, असं ते मला म्हणाले.

मी तेव्हा स्नेहलतागंजातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. क्लासने काढून टाकलेला एक पीसी घरी आणला आणि त्यावर फुकटात मिळणारं लिनक्स टाकलं. बाबा एका बोटाने, रोमन अक्षरांत मराठी लिहू लागले.

एका संध्याकाळी मी थकून घरी आले, तर बाबा काळ्या स्क्रीनसमोर बसलेले. लिहून झाल्यावर त्यांनी पॉवरचं बटन दाबलं होतं. काहीच झालं नाही, म्हणून दाबूनच धरलं. पीसी झटक्यात बंद. सकाळपासूनचं लिखाण सेव्ह केलेलं नव्हतं, सगळं गेलं. मी पुष्कळ बोलले. मेन्यूत जाऊन बंद करायचं हे दहादा सांगितलं होतं, वगैरे. दिवसभर क्लासमध्ये तेच तेच सांगून माझा आवाज घरीही तसाच निघत असे.

"बटन दिलंय, तर दाबल्यावर काही व्हायला पाहिजे ना, बेटा?" बाबा एवढंच म्हणाले.

बरोबरच होतं त्यांचं. पण तसं कबूल करायचंही त्राण माझ्यात नव्हतं. मी जेवून झोपले.

रविवारी मी पीसी घेऊन बसले. बटन दाबलं की आत खबर जाते, पण ती घेणारा प्रोग्राम आमच्याकडे चालूच नव्हता. तो टाकला. खबर आली की आधी फाइल सेव्ह करायची, मग नीट बंद व्हायचं, असं चार ओळींत लिहून दिलं. बाबांनी बटन दाबून पाहिलं. झालं. मग मी हौसेने झोपेचंही बसवलं: अर्धा तास कुणी हात लावला नाही तर पीसीने झोपावं. झोपला तो, पण उठेना. आतला पंखा फिरतोय आणि स्क्रीन काळी.

"याला झोपवू नको," बाबा हळूच म्हणाले. "बंद केला तर चालेल."

मी झोपेच्या ओळी काढून टाकल्या.

गेलेली पानं त्यांनी पुन्हा लिहिली. पहिली जास्त चांगली जमली होती म्हणाले, पण मला बोल लावला नाही. सगळी मिळून चाळीसेक पानं झाली. क्लासमधून प्रिंट काढून आणली, ती त्यांनी आपल्या मिलमधल्या जुन्या सोबत्याला वाचायला दिली. तो आता विजय नगरातल्या एका ऑफिसात गार्ड होता. आठवड्याने तो घरी आला आणि बाबांना म्हणाला, "भिया, मशिनीला तेल द्यायचा क्रम चुकलाय."

बाबा त्याच्याशी तासभर वाद घालत बसले. मग चहा सांगितला आणि ते पान दुरुस्त करायला घेतलं.